विलासची साठ पत्त्यांची गड्डी

सोमवारी सकाळी अकरा वाजता बंदीची यादी आली. यादीत एकच पत्ता होता. विलासने ती दवाखान्यातल्या खाटेवर, फोनवर वाचली आणि म्हणाला, "दादा, पाणक्या गेला." मी म्हणालो, "बघू." सव्वादोन वाजता विलास गेला.

"बघू" हा मी माझ्या धाकट्या भावाशी बोललेला शेवटचा शब्द. आमच्या कामात आम्ही तो दिवसातून वीस वेळा वापरत असू, त्यामुळे तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

हे काम कोणते, ते आधी सांगायला हवे. मी पूर्वी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नोकरी संपल्यावर विलासच्या दुकानात बसू लागलो. दुकान हैदराबादेत, हिमायतनगरला, एका स्टेशनरीवाल्याच्या वरच्या मजल्यावर. आठ टेबले, बत्तीस खुर्च्या, भिंतीला काचेची कपाटे आणि कपाटांत पत्ते. रमी-तीनपत्तीचे नव्हेत. या पत्त्यांवर चित्रे असतात, प्रत्येकावर बारीक अक्षरात त्याचे काम छापलेले असते आणि असे हजारो वेगवेगळे पत्ते बाजारात आहेत. त्यांतून प्रत्येक खेळाडू आपल्या पसंतीचे साठ निवडतो, एकाच पत्त्याच्या चार प्रतींपर्यंत चालतात, घरून गड्डी बांधून आणतो आणि समोरच्याच्या गड्डीशी खेळतो. शिवाय पंधरा पत्ते राखीव ठेवायची मुभा असते. तीन डावांतले दोन जिंकले की फेरी जिंकली. पहिल्या डावानंतर राखीवमधले पत्ते अदलाबदल करून घेता येतात. खेळ एवढाच.

मुले डेक म्हणतात, आम्ही दोघे गड्डी म्हणत असू. पत्त्यांवरची नावे इंग्रजीत असतात, पण आमच्या दुकानात त्यांना घरची नावे होती. हल्ला अडवतो तो पत्ता भिंत. समोरच्याच्या हातातले पत्ते पाहून त्यातला एक टाकायला लावतो तो कोतवाल. आणि दर खेपेला आपल्याला दोन जास्तीचे पत्ते ओढून देतो तो पाणक्या. विलासची गड्डी पाणक्यावर उभी होती.

आता यातली खरी अडचण. कोणतीही गड्डी स्वतःहून चांगली किंवा वाईट नसते. बाकीचे लोक काय घेऊन येणार आहेत, त्यावर ते ठरते. सगळ्यांनी घाईच्या गड्ड्या आणल्या, चार-पाच खेळ्यांत डाव संपवणाऱ्या, तर भिंतवाल्याची चांदी. मग चार आठवड्यांत लोक भिंतीवरून उडून जाणारे पत्ते आणतात आणि भिंती वाया जातात. मग कोणीतरी उडणाऱ्यांचा बंदोबस्त आणतो. त्याच्यावर उतारा म्हणून पुन्हा कोणी घाईची गड्डी आणतो. दर तीन महिन्यांनी नवे पत्ते येतात, मधूनच एखाद्यावर बंदी येते आणि सगळे चक्र हलते. या हलत्या हवेला खेळाडू मेटा म्हणतात. आपली गड्डी त्या हवेप्रमाणे बदलत राहणे, हे माझे काम होते. बारा वर्षे मी ते केले. विलास खेळायचा, मी गड्डी बांधायचो.

दर शनिवारी दुकानात सामने होत. मी कोपऱ्यात बसून रजिस्टरमध्ये नोंद करत असे. कोणी कोणती गड्डी आणली, कोण कोणाशी जिंकला, कोणता पत्ता हातात नुसता पडून राहिला. ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव लिहिणारा माणूस दुसरे काय करणार? महिन्याच्या शेवटी त्या नोंदींवरून मी दोन पत्ते काढायचो, दोन घालायचो, यादी टाइप करून विलासच्या हातात द्यायचो. तो ती घेऊन चेन्नईला, बंगळूरला स्पर्धेला जायचा. मी कधी गेलो नाही. गर्दीत माझे डोके दुखते आणि दुकान उघडे ठेवायला कोणी लागायचेच. निकाल फोनवर कळे.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची होती. इम्रानभाई मोटारच्या सुट्या भागांचे दुकान सांभाळून यायचे आणि दर आठवड्याला नवी गड्डी आणायचे. जिंकले तरी बदलायचे. मी एकदा विचारले, "जिंकलात ना, मग बदलली का?" तर म्हणाले, "साब, सबकू मालूम हो गया ना मैं क्या लाता. अब मज़ा कायका?" याउलट राव मास्टर. निवृत्त गणित शिक्षक, तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी आठ वर्षांत गड्डीतला एक पत्ता बदलला नाही. वर्षातून एखाद-दोन शनिवार हवा फिरून त्यांच्या गड्डीपाशी यायची, त्या दिवशी ते सगळ्यांना हरवायचे आणि पेढे वाटायचे. "मैं ठहरता हूँ बाबू, मेटा घूमता है," असे म्हणायचे. आम्ही हसायचो. पुढे हसणे मलाच जड गेले.

विलास गेल्यावर तेराव्यानंतर मी गड्डीचा पत्र्याचा डबा उघडला. चार पाणके काढून झाकणात ठेवले, कारण बंदी म्हणजे बंदी. त्यांच्या जागी त्यातल्या त्यात जवळचा, एकच पत्ता ओढून देणारा, असा पत्ता घातला. आणि थांबलो. त्यानंतर वर्षभरात नवे पत्ते चारदा आले. मी दुकानातल्या प्रत्येकाला काय बदला ते सांगितले. विलासच्या गड्डीला हात लावला नाही.

सुजाता विलासच्या हाताखाली तयार झालेली. गौलीगुड्याच्या एका बँकेत नोकरी करते, घरचे मूळचे नांदेडकडचे. फोन उचलताना "जय भीम" म्हणते, मग पलीकडे कोण आहे ते विचारते. मला ती मोठे काका म्हणते. विलासबरोबर ती सगळ्या स्पर्धांना जायची. प्रादेशिक स्पर्धेतले पहिले आठ जण देशपातळीवर जातात, आणि सुजाता दोनदा नववी आली होती.

पावसाळा संपता संपता ती दुकानात आली. बदलीचा कागद तिने माझ्यापुढे ठेवला. आदिलाबाद.

"जानेवारीत जायचंय काका. तिथं कुठं खेळायला मिळणार? या वर्षीची स्पर्धा इथंच आहे, डिसेंबरात. एवढी एकच संधी आहे बघा."

"मग चांगली गड्डी बांधून देतो."

"विलासकाकांची द्या ना. माझा हात तिच्यावरच बसलाय."

मी डबा तिच्या हातात दिला. दिल्यावर बरे वाटले, हे कबूल करतो. कोणीतरी ती खेळणार होते.

सलग पाच शनिवार ती हरली. वाईट खेळत होती असे नाही. गड्डी सव्वा वर्षापूर्वीच्या हवेशी लढायला बांधलेली होती, आणि ती हवा आता कुठेच नव्हती. पाचव्या शनिवारी राव मास्टरांनीसुद्धा तिला हरवले. ते स्वतःच ओशाळले. "एम्मा, आज मेरा दिन था," एवढेच तेलुगूत लेकीला हाक मारावी तसे म्हणाले. इम्रानभाई मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. "क्या बहन, डेक लाए कि अजायबघर लाए? टिकट लगाओ, लोगां देखने कू आते!" सगळे हसले. सुजाताही हसली, पण पत्ते गोळा करताना तिने एकदाही वर पाहिले नाही.

लोक गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली.

"काका, थोडं बदलू या? निदान भिंती कमी करू."

"ती विलासची गड्डी आहे. आहे तशी खेळायची असेल तर खेळ. नाहीतर दुसरी देतो."

तिने डब्याचे झाकण लावले. मग म्हणाली, "राग नका धरू. ही विलासकाकांची नाही. ही तुमची आहे."

"म्हणजे?"

"त्यांची स्पर्धेची बॅग अजून दारामागंच आहे ना? पुढच्या कप्प्यात कागद असतील. मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा."

ती गेल्यावर मी बॅग खाली काढली. पुढच्या कप्प्यात माझ्याच टाइप केलेल्या याद्या होत्या, घडी घातलेल्या. एकोणीस. स्पर्धा सुरू होण्याआधी आपल्या पंचाहत्तर पत्त्यांची यादी पंचांना लिहून द्यावी लागते, मग त्यात बदल चालत नाही. विलास पक्की यादी लिहायच्या आधी माझ्या कागदावर कच्चे काम करत असे. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने काही पत्ते खोडलेले होते. कुठे दोन, कुठे पाच, एका ठिकाणी नऊ. शेजारी त्याच्या तिरक्या अक्षरात शेरे. "दाराशी सगळे घाईत. कोतवाल बाहेर." "चहाच्या रांगेत दोघे उडत्यांचं बोलत होते." "तो लाल शर्टवाला गेल्या वेळचीच आणणार."

एकोणीसपैकी एकही यादी मी दिली तशी त्याने खेळलेली नव्हती.

चेन्नईचा कागद मी सर्वांत जास्त वेळ पाहिला. त्या स्पर्धेत विलास तिसरा आला होता. संध्याकाळी फोन करून म्हणाला होता, "दादा, तुझ्या भिंतींनी वाचवलं." मी ते वाक्य रजिस्टरमध्ये लिहून खाली लाल रेघ मारली होती. कागदावर चारही भिंती खोडलेल्या होत्या. भावाने माझे मन राखायला सांगितलेल्या त्या एका वाक्यावर मी पुढची तीन वर्षे गड्डीत चार भिंती ठेवल्या आणि त्याने त्या प्रत्येक वेळी खोडल्या.

पण डबा घरी यायचा तेव्हा आतले पत्ते माझ्या यादीप्रमाणेच असायचे. मी ते रजिस्टरशी ताडून पाहत असे. सोमवारी सुजाता जेवणाच्या सुट्टीत आली तेव्हा मी तिला तेवढेच विचारले.

"परत येताना गाडीत लावायचे ते," ती म्हणाली. "मी काढून द्यायची, ते लावायचे. म्हणायचे, दादाचं रजिस्टर जुळलं पाहिजे, नाहीतर रात्रभर शोधत बसेल."

मला हसू आले. मग मी कागदांच्या घड्या परत घालू लागलो. सुजाता कपाटातल्या पत्त्यांकडे बघत उभी राहिली.

आमचे वडील उदगीरकडची शेती भावकीला सोपवून हैदराबादला आले आणि बेगम बाजारात एका मसाल्याच्या पेढीसाठी मालाची खरेदी बघू लागले. खरेदीला निघाले की पहिली फेरी ते रिकामी पिशवी घेऊन मारत. कोणाच्या दारात कोणती मिरची उतरली, कोण कोणाच्या पोत्यात हात घालतो, एवढेच बघायचे. तोंड उघडायचे ते दुसऱ्या फेरीला. रविवारी ते आम्हा दोघांना बोलवत. विलास जायचा. मी गौलीगुड्याच्या घरी पुस्तक घेऊन बसायचो. विलासने जे बारा वर्षे केले ते वडिलांचे काम होते, आणि मी त्याला प्रत्येक वेळी भरलेली पिशवी देऊन पाठवत होतो.

ज्या गड्डीला मी विलासची म्हणून सव्वा वर्ष हात लावला नव्हता, ती माझीच यादी होती. तिच्यात विलासचे काही असेल तर ते खोडलेल्या जागी होते.

त्या आठवड्यापासून आम्ही कामाला लागलो. सुजाता बँक सुटल्यावर येई, इम्रानभाई सरावाला बसत. प्रत्येक वेळी नवी गड्डी आणून ते तिची परीक्षा घेत. "अब दम आया," असे त्यांनी तिसऱ्या आठवड्यात म्हटले, तेव्हा सुजाताने त्यांना लागोपाठ चार डाव हरवले होते. गड्डीतले निम्म्याहून जास्त पत्ते बदलले. भिंती मात्र मी ठेवल्या. हट्ट म्हणून नव्हे. दुकानातल्या शनिवारच्या नोंदी स्पष्ट सांगत होत्या की लोक घाईच्या गड्ड्या आणताहेत. कोतवाल राखीव पंधरात गेले.

स्पर्धा नारायणगुड्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये होती. दुकानाला कुलूप लावून मी पहिल्यांदाच गेलो. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणे अजून दाराला होती. इम्रानभाई दिसले. "अरे, साब भी आए! दुकान कौन देख रा?"

"ताला," मी म्हणालो. ते खांद्यावर हात ठेवून पुढे गेले.

यादी द्यायला चाळीस मिनिटे होती. सुजाता बाकावर बसून पत्ते मोजत होती. मी तिच्याजवळ पिशवी ठेवली आणि मोकळ्या हातांनी हॉलमधून एक फेरी मारली.

काय बघायचे ते मला माहीत नव्हते. लोक पत्ते दाखवत नाहीत. सराव करणारे मला पाहून हात झाकत होते. अर्धी फेरी झाल्यावर माझ्या लक्षात आले की टेबलांखाली, खुर्च्यांना, पिशव्यांच्या तोंडाशी सगळीकडे जेवणाचे डबे आहेत. सामन्याच्या प्रत्येक फेरीला ठरावीक वेळ असतो. घाईची गड्डी खेळणारा वीस मिनिटांत मोकळा होतो, बाहेर जाऊन लुखमी खाऊन येतो. त्याला डबा लागत नाही. संथ गड्डीवाल्याचा डाव शेवटच्या मिनिटापर्यंत चालतो, बाहेर जायला सवड नसते, म्हणून तो घरून डबा आणतो. आमच्या दुकानात शनिवारी डबा कोणीच आणत नाही. तिथे लोक तासभर मोकळे होऊन खेळायला येतात, त्यांना घाईचाच खेळ परवडतो. माझे रजिस्टर खरे होते, पण ते आमच्या आठ टेबलांपुरते खरे होते.

मी दुसरी फेरी मारली आणि डबे मोजले. मग सुजाताकडे आलो.

"किती वेळ आहे?"

"बारा मिनिटं."

"भिंती काढ. कोतवाल आत घे."

"किती?"

"चारही. भिंती राखीवमध्ये टाक."

तिने माझ्याकडे पाहिले. "काका, रजिस्टर?"

"रजिस्टर दुकानात आहे."

तिने पेन्सिल पुढे केली. माझ्या टाइप केलेल्या यादीवर मी पहिल्यांदा स्वतः काट मारली. पहिली रेघ वाकडी आली. सुजाताने पक्की यादी लिहून पंचांना दिली.

सहा फेऱ्या होत्या. आठांत यायला पाच जिंकायला हव्या होत्या. पहिल्या पाचांपैकी चार तिने जिंकल्या. समोर बसलेले बहुतेक सगळे डबेवाले होते आणि कोतवाल त्यांच्या हातातले जपून ठेवलेले पत्ते एकेक करून बाहेर काढत होता. सहाव्या फेरीला समोर वरंगलहून आलेला एक तरुण बसला. हसरा, खिशात हात घालून आलेला. त्याच्याकडे डबा नव्हता.

पहिला डाव सहा मिनिटांत संपला. सुजाता हरली.

प्रेक्षकांसाठी दोरी बांधलेली असते, तिच्या अलीकडून खेळाडूशी बोलणे चालत नाही. सुजाताने वळून माझ्याकडे पाहिले. मी नुसता उभा राहिलो. माझ्या त्या चार रेघांमुळे ती तिसऱ्यांदा नववी येणार, असे मला वाटले. आदिलाबादला जाताना ती हेच घेऊन जाणार. तिने राखीव पंधरा उचलले, कोतवाल काढले, चार भिंती आत घेतल्या. हे करताना ती घाई करत नव्हती. विलास असेच पत्ते लावायचा, टेबलावर एकेक टेकवून.

दुसरा डाव तिने जिंकला. तिसऱ्यात तिसऱ्या खेळीला भिंत आली, पाचवीला दुसरी. तो तरुण हसायचा थांबला. त्याने जेवढे होते तेवढे सगळे भिंतींवर घातले. वेळ संपायला चार मिनिटे असताना त्याने पत्ते खाली ठेवून हात पुढे केला.

सुजाता आठवी आली. दोरीपाशी येऊन म्हणाली, "काका, भिंतींनी वाचवलं."

या वेळी मी ते डोळ्यांनी पाहिले होते.

परतताना रिक्षात तिने गड्डीचा डबा मांडीवर घेतला आणि सवयीने झाकण उघडले. यादी हातात होती. "परत लावू?" तिने विचारले. विलासबरोबर परतताना तिला ती सवय लागली होती.

"नको," मी म्हणालो. "आहे तसेच राहू दे."

देशपातळीवर ती पहिल्या निम्म्यात आली, त्याहून वर गेली नाही. आता ती आदिलाबादला असते. नवा संच आला की फोन करते, आणि मी तिथे कोण काय खेळते ते विचारतो. तिने तिथे चार जण जमवले आहेत. मी स्पर्धांना जातो. एक फेरी रिकाम्या हाताने मारतो. रजिस्टरही लिहितो, पण आता प्रत्येक पानावर दुकानाचे नाव घालतो, म्हणजे ते कुठले आहे हे माझ्या ध्यानात राहते.

विलासला मी कधी विचारले नाही की तुला स्वतःला काय हवे आहे. याद्या देत राहिलो. त्याने कधी सांगितले नाही. आम्हा दोघांचेही बोलणे थोडे होते.

विलासच्या वेळच्या साठ पत्त्यांपैकी गड्डीत आज अकरा आहेत. झाकणात चार पाणके आहेत. ते कुठल्याच स्पर्धेत चालत नाहीत.